डबेवाल्या ताईंचा एक्झॉस्ट फॅन

मित्रांनो, स्वयंपाकघरात शिरलात की तुम्ही ओटा बघता, गॅस बघता, फळीवरचा खाऊचा डबा तर हमखास बघता. मान वर करून माझ्याकडे सहसा कोणी बघत नाही. छताच्या जरा खाली, भिंतीतल्या गोल भोकात बसवलेला जुना एक्झॉस्ट फॅन तो मी. आतला धूर बाहेर टाकायचा, एवढेच माझे काम.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची पाती, मधोमध मोटर, भोवती लोखंडी कडे आणि त्यावर करड्या रंगाचा हात. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझे बटण दाबले आणि मागून कागदाचा कपटा धरला. कपटा माझ्याकडे ओढला गेला. बाईंनी मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. परीक्षा म्हणाल तर ती एवढीच.

एका घरमालकीणबाईंनी भाड्याने द्यायला घर बांधले होते. तिथे मी लागलो. पहिले भाडेकरू एकटे राहणारे हिशेबनीस होते. चहापलीकडे त्यांचा गॅस पेटत नसे, त्यामुळे मला काम नव्हते आणि माझ्या पाठीमागच्या जाळीत कबुतरांनी संसार थाटला. घर सोडताना त्यांनी मला पुसण्याऐवजी माझ्यावर कॅलेंडर टांगले. मालकीणबाई आल्या. कॅलेंडर गेल्या वर्षीचे होते. गेल्या वर्षीचे कॅलेंडर कोणी कशाला जपेल, म्हणून त्यांनी ते उचलले आणि मी सापडलो. हिशेबनिसांना डिपॉझिट पूर्ण परत मिळाले नाही.

नंतरच्या कुटुंबाने मला पुसले, पण फक्त समोरून. मालकीणबाईंनी पात्यामागे बोट फिरवले आणि ते काळे बोट सगळ्यांना दाखवले. तेव्हापासून त्यांची रीतच पडली. घर ताब्यात घेताना त्या आधी वर बघत, मग खाली. "भिंती कोणीही पुसतो, वरचं कोण पुसतं ते बघायचं," असे त्या म्हणत.

मग आल्या डबेवाल्या ताई. त्यांचे यजमान लांब पल्ल्याचा ट्रक चालवत. ताई घरी स्वयंपाक करून कचेऱ्यांत जेवणाचे डबे देत. आता मला खरे काम मिळाले. पहाटेपासून भाज्या परतल्या जात, तळण निघे, दोन्ही शेगड्या पेटलेल्या असत. मी दिवसभर फिरे. ताई शेजारणीला सांगत, "हा फॅन आहे म्हणून माझा धंदा आहे. नाहीतर धुरानं मीच डब्यात जाऊन बसले असते." स्तुती कोणाला नको असते? पण मित्रांनो, एक सांगतो. त्या धावपळीत ताईंनी मला एकदाही खाली उतरवून पुसले नाही. तेल माझ्या आतल्या अंगावर बसत गेले, वाळत गेले आणि शेवटी रंगात मुरले. बाहेरच्या अंगावर मात्र ऊनपाऊस पडे. ते अंग नुसते धुळीने माखलेले होते.

धंदा वाढला. ताईंनी बाजारात एक गाळा बघितला. पुढे खानावळ, मागे राहायची खोली. गाळ्याच्या मालकाने स्पष्ट सांगितले होते, की घर सोडायच्या दिवशी संध्याकाळपर्यंत अनामत आणून द्या, नाहीतर गाळा दुसऱ्याला जाईल. ती अनामत ताई या घराच्या डिपॉझिटमधूनच भरणार होत्या. दुसरीकडून पैसे येण्यासारखे नव्हते. म्हणजे मालकीणबाईंनी सकाळी हात आखडता घेतला, तर संध्याकाळी ताईंना ना हे घर, ना तो गाळा.

ताईंनी आठवडाभर घर घासले. शेवटी मला उतरवले आणि सोड्याच्या गरम पाण्याने चोळले. चिकटपणा गेला, डाग गेले नाहीत. उलट ठिकठिकाणी रंगाचे पोपडे सुटले. मी आणखीच ओंगळ दिसू लागलो.

"राहू दे," ताई हात पुसत म्हणाल्या. "मालकीण काकूंना सांगेन, निघत नाही म्हणून."

मदतीला त्यांचे धाकटे दीर आले होते. ते फर्निचरला पॉलिश मारायचे काम करत. ते म्हणाले, "सांगून काय होणार, वहिनी? पैसे कापणार. तुम्हाला शेजारणीच्या चाव्या परत द्यायच्यात ना, त्या देऊन या. मी बघतो याचं काय ते."

"नीट बसवा, भाऊजी."

"पॉलिशवाल्याचा हात आहे. तुम्ही निर्धास्त जा."

ताई गेल्या. भाऊजींनी मला दोन्ही बाजूंनी निरखले, माझ्या मागच्या अंगावरून ओले फडके फिरवले आणि सरळ उलटे करून भिंतीत बसवले. काळे अंग बाहेर, करडे अंग आत. चार बोल्ट आवळले आणि शीळ घातली. मला तोंड असून बोलता येत नाही, नाहीतर तिथेच ओरडलो असतो.

परत आल्यावर ताईंनी वर बघितले. "डाग कसे गेले हो?"

"गेले म्हणजे गेले. तुम्हाला आंबे खायचे की झाडं मोजायची?"

तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. आल्या आल्या वर बघितले आणि थबकल्या.

"नवा आणलास की काय गं?"

"नाही काकू, तोच आहे. भाऊजींनी घासला."

"बघा, मनात आणलं की होतं." बाई खूश झाल्या. त्यांनी पर्समध्ये हात घातला. पैसे अर्धे बाहेर आले होते. तेवढ्यात त्यांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी जाता जाता माझे बटण दाबले. "चालतोय ना?"

मी चाललो. मला दुसरे येतच नाही. जाळीतली धूळ, कबुतरांची पिसे आणि वाळक्या काड्या, जे जे बाहेर होते ते सगळे मी आत ओढले आणि मालकीणबाईंच्या डोक्यावर आणि पुसून लखलखीत केलेल्या ओट्यावर टाकले.

ताईंनी झटकन बटण बंद केले.

"हा वारा आत कसा काय येतोय?" मालकीणबाईंनी विचारले.

"ताजी हवा आत येते, काकू," भाऊजी म्हणाले. "आरोग्याला चांगली."

बाईंनी केसातून एक पीस काढून त्यांच्या हातात दिले. "ही घे ताजी हवा."

ताईंचा चेहरा उतरला. "भाऊजी, उलटा बसवलात?"

"उलटा नाही हो, वहिनी. फक्त तोंड फिरवलंय."

पैसे परत पर्समध्ये गेले. पर्सची चेन लागल्याचा आवाज मी ऐकला. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "ज्यानं पंख्याचं तोंड फिरवलं, त्यानं घरात आणखी काय काय फिरवलंय, ते आता मला बघायला लागेल. तोपर्यंत डिपॉझिटचं नाव काढू नका."

ताईंनी रडारड केली नाही, सबबीही सांगितल्या नाहीत. त्या भाऊजींना म्हणाल्या, "शिडी लावा. काढा त्याला." मी खाली आलो. ताईंनी मला खिडकीच्या उजेडात, काळे अंग वर करून ठेवले.

"काकू, हा डाग माझ्या धंद्याचा आहे. वेळच्या वेळी पुसला नाही, आता निघत नाही. नव्या फॅनचे पैसे कापा. बाकीचं घर मात्र तुम्ही हवं तसं तपासा."

मालकीणबाईंनी खरोखरच हवे तसे तपासले. घराबरोबर दिलेले कपाट सरकवून मागची भिंत बघितली. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवले. सिंकखाली वाकून पाइपामागे हात घातला. न्हाणीघराची जाळी उचलून आत डोकावल्या. घराबरोबर दिलेल्या पलंगाच्या फळ्याही त्यांनी सोडल्या नाहीत. ताई दारात उभ्या होत्या. भाऊजी न सांगता ओटा पुन्हा पुसत होते. प्रत्येक ठिकाणाहून बाईंचे बोट स्वच्छ परत येत होते, आणि दर वेळी बाई त्याकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "घर चोख आहे. फॅनचे तेवढे कापते. या पॉलिशवाल्याला अक्कल असती, तर मी कदाचित तेही सोडले असते."

"कापा, काकू," ताई म्हणाल्या. "पण पैसे कापलेत तर हा फॅन माझा."

"या भंगाराचं काय करणार तू?"

"डाग पडलाय, मोटर चांगली आहे. गाळ्याला नुसतं भोक आहे, फॅन नाही. त्यासाठी मी थोडे पैसे बाजूला ठेवले होते. तेच आता अनामतीत घालते, म्हणजे भरपाई होईल."

मालकीणबाईंनी माझ्या डागावरून एकदा बोट फिरवले. मग पर्स उघडून त्यांनी पैसे ताईंच्या हातात दिले. "ने बाई. इतके भाडेकरू गेले, पंखा मागणारी तूच पहिली."

टेम्पोत जागा नव्हती, म्हणून मी भाऊजींच्या मांडीवर बसून गेलो. त्यांचा पांढरा शर्ट पुन्हा पांढरा झाला नाही. संध्याकाळच्या आत गाळा ताईंचा झाला.

आता मी खानावळीच्या भिंतीत बसतो, काळे अंग आत करून. दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी भाऊजी शिडीवर चढून मला पुसतात. ही शिक्षा त्यांना ताईंनी दिली आहे. ते कुरकुरतात, पण पात्यांच्या मागे बोट घालून पुसतात. जुना डाग तसाच आहे. नवा थर मात्र बसलेला नाही.

मित्रांनो, घर सोडायच्या दिवशी सगळेच घासतात. ती सफाई पुढच्या माणसाच्या वाट्याला जाते. आपण मात्र सगळी वर्षे धुरात काढलेली असतात. म्हणून राहत असाल तोवरच घर पुसत चला, वरचेही पुसत चला. आणि एखादा डाग निघालाच नाही, तर तो दिसू द्या. डागाने माझी हवा कधी अडली नाही. हवा फिरली ती मला उलटे बसवल्यावर.