डाल्टनची पक्की खोली

इझ्मेचं लाकडी घर तिचं स्वतःचं होतं, खालची जमीन मात्र ऊसमळेवाल्याची, भाड्याची. सेंट फिलिप परगण्यातली निम्मी घरं अशीच, नुसत्या रचलेल्या दगडांवर ठेवलेली. मालकाने ऊठ म्हटलं की फळ्या सोडवायच्या, गाडीत घालायच्या आणि दुसरीकडे ठोकायच्या.

जावई डाल्टनला याची लाज वाटे. "छे, ही काय वाऱ्यावरची वरात! मी पक्कं बांधतो," म्हणत त्याने सासूच्या घराला पुढून सिमेंटची खोली चिकटवली. घराचे दोन खांब भिंतीत पुरले, छप्परही पुढे ओढून घेतलं. वर शेजारच्या भाडेकरूंना तो "बिनघरवाले" म्हणून हिणवू लागला.

मग मळेवाल्याने जमीन विकली आणि सगळ्यांना उठायला सांगितलं.

"आई, माझी खोली कशी न्यायची?" डाल्टनने विचारलं.

"खिशात घालून ने, जावईबापू."

इझ्मेला धास्ती होती ती पुरलेल्या खांबांची. घर तिथेच अडकलं, तर म्हातारपणी निवारा गेला. शेवटी तिने सुताराकडून खांब भिंतीलगत कापून घेतले. घर हातभर आखूड झालं, पण सुटलं.

फळ्या गाडीत चढल्या, तरी डाल्टन बिनछपराच्या खोलीत बसून. "मी माझ्या भिंती सोडणार नाही!"

"तुझ्या? परक्याच्या जमिनीत पुरल्यास ना रे? आता नव्या मालकाला विचार, तुलाच भाड्याने देतो का," इझ्मे म्हणाली आणि लेकीला घेऊन गाडीत चढली.