घाटग्यांचा शेवटचा हॉर्न

माणूस गेला की लोक आधी वय विचारतात, मग कशाने गेले ते. ‘चालती चाकं’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर संग्राम घाटगे गेल्याची बातमी आली, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘आणि अँबॅसडर?’

बातमी त्यांच्या मुलीने, मैत्रेयीने, वडिलांच्याच फोनवरून टाकली होती. त्यामुळे क्षणभर वाटलं, घाटगे स्वतःच स्वतःची खबर देताहेत. बडोद्याच्या एका सभासदाने सवयीने अंगठा दाखवला आणि घाईने तो काढून हात जोडले. इंदूरचे एक गृहस्थ रोज सकाळी गुलाब पाठवत; त्यांनी त्या दिवशीही पाठवला, फक्त पांढरा. जुन्या गाड्या पाळणारी ही मंडळी. एकमेकांना ओळखत ती कार्ब्युरेटरवरून. अशा ओळखीत रडायचं कुठून सुरू करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यातही ज्यांना ही बातमी सगळ्यात जड गेली, ते नंदकुमार देवस्थळी. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, लखनौच्या महानगर भागात राहणारे, पासष्ट सालच्या फियाटचे मालक आणि ग्रुपचे तांत्रिक सल्लागार. या शेवटच्या पदावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे काढूही शकत नव्हतं. देवस्थळी ग्रुपवर कधी प्रश्न विचारत नसत, उत्तरंच देत. आणि त्यातल्या निम्म्या उत्तरांचे प्रश्न घाटगे पुरवत. ‘देवस्थळी साहेब, थंडीत चोक किती ओढावा?’ असा निरोप सकाळी चहाबरोबर यायचाच. मग दोघं दुपारपर्यंत भांडत. भांडण दमलं की फोन लावून गुडघ्यांविषयी बोलत. घाटगे गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्थळींनी चष्मा लावून फोन उचलला, तर कुणी काहीच विचारलेलं नव्हतं. चहा तसाच निवला.

आता यातली गंमत अशी, की घाटगेही लखनौतलेच. हवाई दलातून निवृत्त होऊन आलमबागला घर बांधून राहिलेले. बादशाहनगरला मेट्रोत बसावं आणि आलमबागला उतरावं, एवढंच अंतर. तरी नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षीच ठरलं होतं, की भेटायचं ते गाड्या घेऊनच. दोन गाडीवाले मेट्रोने भेटायला लागले तर गाड्यांनी काय म्हणावं? मग कधी देवस्थळींच्या घरी पाहुणे येत, कधी घाटग्यांचं डोळ्याचं ऑपरेशन निघे, कधी धुकं, कधी मोर्चा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही भेट व्हायची नाही. ‘तिथे पार्किंग नाही, आणि गाडीशिवाय जाणं हा गाडीचा अपमान,’ असं घाटग्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं. देवस्थळींनी त्याला मनापासून अनुमोदन दिलं होतं.

मनापासून द्यायला कारण होतं. देवस्थळींची फियाट सहा वर्षांपासून जागची हललेली नव्हती. उंदरांनी वायरिंग खाल्लं, मिस्त्री गावी गेला तो गेलाच, आणि तोवर सल्लागारपद गळ्यात पडलेलं. सल्लागाराची गाडी बंद, म्हणजे वैद्याच्या घरी कायमचा खोकला. तेव्हा एका उन्हाच्या सकाळी त्यांनी बायकोच्या, गीताबाईंच्या हातात फोन दिला आणि गाडीशेजारी उभं राहून पाच शर्ट, दोन स्वेटर आणि एक रेनकोट बदलला. त्या एका सकाळच्या फोटोंवर ग्रुपने सहा वर्षं काढली. रेनकोटच्या फोटोत मागे कडक ऊन होतं, पण ग्रुपवर माणसाकडे बघतो कोण? सगळे बोनेटकडे बघतात.

इथवर हिशेब जुळत होता. बिघडला तो ग्रुपच्या एका प्रथेमुळे. सभासद गेला की जवळच्या गावातल्या सभासदाने आपली गाडी घेऊन त्याच्या दारी जायचं, त्याचीही गाडी सुरू करायची आणि दोन्ही हॉर्न एकदम वाजवायचे. त्याच वेळी बाकीच्यांनी आपापल्या गावी. याला ‘शेवटचा हॉर्न’ म्हणत. ग्रुपचे ॲडमिन, कोल्हापूरचे रमाकांत, यांनी जाहीर केलं: तेराव्यानंतरचा रविवार, संध्याकाळी पाच, व्हिडिओ कॉलवर. लखनौत आपले देवस्थळी आहेतच.

गीताबाईंनी साधा मार्ग सुचवला. मेट्रोने जावं, घाटगेवहिनींना भेटावं, दोन शब्द बोलावेत. देवस्थळींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी लग्नाला अनवाणी जायला सांगितलं होतं. नऊ वर्षं ज्याला गाडी घेऊन येतो म्हणून सांगितलं, त्याच्या दारात शेवटी कार्ड पंच करून उतरायचं?

“मग काय ओढत नेणार?” गीताबाई म्हणाल्या.

ही कल्पना त्यांचीच, हे त्या पुढे कधी कबूल करणार नव्हत्या.

रविवारी दुपारी कपूरथला बाजारातून एक छोटा हाथी, म्हणजे मालवाहू टेम्पो, आला. तो नेहमी फ्रिज आणि कपाटं वाहायचा. देवस्थळींनी नवी बॅटरी घातली होती, तेवढ्यावर निदान हॉर्न वाजत होता. बाकी गाडीला दोर बांधला. बेत असा: आलमबागेत गल्लीच्या तोंडाशी दोर सोडायचा, ड्रायव्हरने मागून हलका हात लावायचा, आणि फियाट आपल्या पायांनी आल्यासारखी घाटग्यांच्या फाटकाशी जाऊन थांबायची. देवस्थळी पांढरा सदरा घालून स्टिअरिंगवर बसले. गीताबाई मागे बसल्या, मांडीवर फळांची पिशवी.

लखनौत कुणी कुणाला सरळ हसत नाही, विचारपूस करतात. निशातगंजला एका स्कूटरवाल्याने अदबीने विचारलं, की चाचा, बीमार है या रूठी है? हजरतगंजच्या सिग्नलला तर ट्रॅफिक हवालदार काचेशी वाकला. दोराकडे पाहिलं, स्टिअरिंग घट्ट धरलेल्या देवस्थळींकडे पाहिलं आणि म्हणाला, “अंकल, आगे वाली खींच रही है या आप धकेल रहे हैं?” मागून गीताबाईंनी उत्तर दिलं, की ये तो चालीस साल से मुझे भी पता नहीं चला. हवालदाराने सलाम करून सिग्नल मोकळा करून दिला.

आलमबागेत गल्लीच्या तोंडाशी दोर सुटला खरा, पण मागे पोलिसाने हटकलं म्हणून ड्रायव्हर छोटा हाथी हलवायला गेला, आणि पाचला थोडाच वेळ उरलेला. देवस्थळींनी आरशातून बायकोकडे पाहिलं. गीताबाईंनी फळांची पिशवी सीटवर ठेवली, पदर खोचला आणि काही न बोलता खाली उतरल्या. अबोलाच तो, त्याचे हप्ते पुढे वर्षभर फेडावे लागणार, हे देवस्थळींना कळलं.

फाटकाशी घाटगेवहिनी, यमुनाबाई, उभ्या होत्या. फियाट आली. आवाज नाही, धूर नाही. पुढे स्टिअरिंगवर ताठ बसलेले देवस्थळी, मागे दोन्ही तळवे डिकीला टेकवून घामाघूम झालेल्या गीताबाई. यमुनाबाईंनी सावकाश दोघांकडे पाहिलं. तोंडावर पदर धरला. देवस्थळींना वाटलं, बाईंना रडू फुटलं.

“या,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडेही हीच पद्धत होती. हे आत, मी मागे.”

गीताबाई जागच्या जागी डिकीवर बसल्या आणि हसायला लागल्या. यमुनाबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्याही हसल्या. हसता हसता डोळे पुसले, ते कशासाठी हे दोघींनीही विचारलं नाही.

देवस्थळी मात्र खाली उतरून शेडपाशी गेले. मैत्रेयीने ताडपत्री वर केली. अँबॅसडर होती. पुढून झकपक, बोनेटवर तोंड दिसावं अशी. पण चारी चाकांच्या जागी विटा, आणि मागच्या सीटवर छतापर्यंत गाद्या-रजया. मैत्रेयी म्हणाली, की ती कॉलेजात असल्यापासून गाडी अशीच आहे. पापा रोज सकाळी ती पुसायचे, आत बसून चहा प्यायचे आणि तिथूनच ग्रुपवर लिहायचे.

“चोक किती ओढावा ते?” देवस्थळींनी विचारलं.

“हाँ काका. फिर आपका जवाब मम्मी को पढ़के सुनाते थे.”

यमुनाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. “किती वेळा म्हटलं, मेट्रोने जा, भेटून या त्या देवस्थळींना. म्हणायचे, त्यांची गाडी चालती आहे गं, मी कोणत्या तोंडाने जाऊ?”

देवस्थळींनी अँबॅसडरचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. समोर चहाच्या कपाचा गोल डाग होता. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. नऊ वर्षं. त्यातली सहा तर एकमेकांच्या चालत्या गाडीला घाबरून दोन माणसं आपापल्या बंद गाडीत बसून राहिली. चष्मा काढून पुसावा लागला. पुसून होईना, म्हणून तसाच घातला.

तेवढ्यात रमाकांतांचा कॉल आला. पडद्यावर कोल्हापूर, बडोदा, इंदूर, नाशिक, सगळे गाडीत बसून तयार. रमाकांतांचा स्वभाव तपासनिसाचा. त्यांनी शोकाची दोन वाक्यं बोलून घेतली आणि लगेच म्हणाले, की घाटग्यांच्या गाडीचा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही, काहींना शंकाही आहे. तर आज दोन्ही इंजिनं नीट ऐकवा.

देवस्थळींनी फोन छातीशी धरला. यमुनाबाई हळूच म्हणाल्या, की आता ह्यांना काय फरक पडतो, खरं ते सांगून टाका.  मैत्रेयी बाहीने अँबॅसडरचा आरसा पुसत राहिली.

देवस्थळी उठले. मैत्रेयीला पाना मागितला. स्वतःच्या फियाटची नवी बॅटरी काढली, उचलून आणली आणि घाटग्यांच्या गाडीला जोडली. हातभर ग्रीस, सदऱ्याची वाट लागली. मग मैत्रेयीला फोन कुठे धरायचा ते दाखवलं: बोनेट, काच, स्टिअरिंग. त्याच्याखाली एक बोटभरही नाही.

“रमाकांत,” ते आत बसून म्हणाले, “माझी फियाट बंद पडली. पार बंद. हॉर्नसुद्धा वाजत नाही. घाटग्यांची मात्र एका सेल्फला सुरू झाली.”

पडद्यावर सगळे आपापल्या फोनकडे वाकले. सल्लागाराची गाडी बंद पडल्याचं ग्रुपच्या इतिहासात घडलं नव्हतं.

“सुरू आहे आत्ता?” रमाकांतांनी कान फोनजवळ आणला. “मला तर काही ऐकू येत नाही.”

“ऐकू येत नाही ना?” देवस्थळी म्हणाले. “यालाच ट्यूनिंग म्हणतात. शिका काहीतरी घाटग्यांकडून.”

आणि त्यांनी हॉर्न दाबला. कित्येक वर्षं न वाजलेला तो हॉर्न आधी खोकला, मग असा मोकळा झाला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. फोनमधून कोल्हापूर वाजलं, बडोदा वाजलं, इंदूर वाजलं. यमुनाबाई शेडच्या खांबाला धरून उभ्या होत्या. गल्लीतल्या एका ई-रिक्षावाल्याला वाटलं आपल्यालाच वाजवताहेत, म्हणून तो बाजूला झाला. देवस्थळींनी हात काढला नाही. गीताबाईंनी खिडकीतून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा काढला.

मग चहा झाला, फळं कापली गेली. दोन्ही बायका गाडी ढकलताना कंबर कशी सांभाळावी यावर बोलू लागल्या. त्या विषयात दोघींचा अनुभव दांडगा होता. देवस्थळींनी फोन उघडला. घाटग्यांबद्दल लोक लिहीत होते: असा मालक होणे नाही, इंजिन असावं तर असं, आपण शंका घेतली याची लाज वाटते. हे शेवटचं चक्क रमाकांतांचं.

आणि त्याखाली फियाटसाठीचे सल्ले. पॉइंट साफ करा. प्लग बदला. पंपाचा पडदा फाटला असेल. नाशिकच्या एका पोराने, ज्याला देवस्थळींनी क्लचवरून दोनदा झापलं होतं, फार हळुवारपणे लिहिलं होतं, की काका, वायर एकदा उंदरांनी खाल्ल्यात का बघा, आमच्याकडे तसं झालं होतं.

देवस्थळींनी तो सल्ला वाचला. बोट उत्तराच्या जागी गेलं, पोराला तीन चुका दाखवायला. तिथेच थोडं थांबलं. मग त्यांनी लिहिलं, ‘बघतो. वायर कोणती घ्यावी?’

क्षणात नाशिक टाइप करू लागलं.