शेणावरचं पान

१९८४ च्या जानेवारीत मी मुळगावला पोचले आणि सगुणकाकांच्या जागेत काय काय आहे ते आधी मोजून घेतलं. जमीन एकवीसशे चौरस मीटर. माड अकरा, त्यांतले फळ देणारे आठ. पोफळी बासष्ट. काजू चार. विहीर एक, पाणी कठड्यापासून पाच मीटर चाळीस सेंटिमीटर खाली. चार खोल्यांचं घर, सात जनेलं म्हणजे खिडक्या, एक चूल. गोठ्यात एक गाय आणि एक कालवड. परसात विटांनी बांधलेला एक गोल खड्डा, साडेतीन मीटर खोल. अंगणात हिरवा रंग दिलेलं एक लोखंडी पिंप पालथं घातलेलं, आणि त्याच्या सावलीत तीन कोंबड्या. ओट्यावर कदेलीत पाठ टेकून बसलेले सगुणकाका, मांडीवर आलेखाच्या कागदांची वही.

"पत्रकात पाच जनावरं लिहिलीत," मी गोबर गॅसचं सरकारी पत्रक वाचत म्हटलं. "इथे दोन आहेत."

"पाचच आसत," काका म्हणाले. "एक गाय, एक कालवड, गायीच्या पोटात एक, आणि पावसानंतर दोन म्हशी घेवच्यो आसत."

"म्हणजे गोठ्यात दोन, पोटात एक आणि वहीत दोन."

"बाय, नियोजन म्हणतत ता हेंच."

काका तीस वर्षं वास्कोच्या बंदरात जहाजांवर किती टन माल चढला ते लिहीत होते. निवृत्त होऊन वडिलोपार्जित जमिनीवर घर बांधलं, तेव्हा त्यांनी ही जागाही एखाद्या जहाजासारखी भरायला घेतली. वहीत सात नकाशे होते. सातव्यात कंपासने काढलेलं एक सुंदर वर्तुळ होतं: गायीचं शेण टाकीत, टाकीतला वायू स्वयंपाकघरात, उरलेली राड पोफळींना, पोफळींखालचं गवत गायीला. बाण कुठेही तुटत नव्हता. वर्तुळात विमलामावशी मात्र कुठे दिसली नाही. खरं तर सगळा घाट तिच्यासाठी होता.

विमलामावशी माझ्या आईची धाकटी बहीण, काकांची बायको. वास्कोच्या क्वार्टरमध्ये ती रॉकेलवर रांधायची. मुळगावात स्वतःचं घर झालं आणि त्याबरोबर लाकडांची चूल आली. दोन पावसाळे ओली लाकडं फुंकून तिची छाती भरली. डिसेंबरात ती चुलीपुढेच कोसळली, आणि डिचोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की धूर बंद झाला नाही तर औषधाचा उपयोग नाही. सिलिंडरच्या यादीत काकांचा नंबर अकराशे अठरा होता. रेशनचं रॉकेल नऊ दिवस पुरायचं. पेडण्याला आमच्याकडे सिलिंडर होता, म्हणून आई तिला म्हणाली, इकडे येऊन रहा.

"तीस वर्षां भिंतीक खिळो मारूचो झालो तरी सायबाक विचारूचा लागला," मावशी मला म्हणाली. "आता खंय माझी भिंत झाली. ती सोडून येव?" मग बराच वेळ खोकली. "शिगम्यापर्यंत बघतंय. तोवर ह्यांची ज्योत पेटली नाय तर येतंय तुझ्याबरोबर."

माझं बी.एस्सी. झालं होतं आणि नोकरीच्या अर्जांची उत्तरं यायची होती. आईने मला पाठवलं ते एवढ्याचसाठी: काय चाललंय ते बघ, आणि शिगम्याला मावशीला घेऊन ये.

टाकी पहिल्यांदा भरायला दोन टन ताजं शेण लागतं. दोन टन म्हटल्यावर काकांना बंदराची आठवण आली आणि ते खुलले. सुर्ल्याच्या खाणीवरून धक्क्यापर्यंत लोखंडाची लाल माती वाहणारा मधुकर नावाचा एक सावंतवाडीकडचा ड्रायव्हर आमच्या वाड्यावर भाड्याने राहायचा. त्याने रविवारी एका म्हशींच्या गोठ्यावरून ट्रक भरून आणला. ट्रक धुवायचं कोणाच्याच नियोजनात नव्हतं, त्यामुळे शेण विटेच्या रंगाचं आलं.

"ह्यातून वायू येतलो की लोखंड?" मावशीने जनेलातून विचारलं.

मी पुस्तकात पाहिलं. लोहयुक्त मातीने गोबर गॅसचा कुजका वास उलट कमी होतो. सगळ्या योजनेत एवढी एकच गोष्ट अपेक्षेपेक्षा बरी झाली, आणि ती चुकून झाली.

सतराव्या दिवशी टाकीवर पालथं बसवलेलं हिरवं पिंप आतल्या वायूने दोन वीत वर आलं. काकांनी लगेच पंचायतीच्या पंचांना बोलावलं. पंच आले, त्यांच्याबरोबर वाड्यावरची तेवीस माणसं आली, पाव विकणारा पोदेर सायकल टेकून उभा राहिला. मी काकांना सांगितलं होतं की पहिला वायू बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, तो सोडून द्यायचा असतो, पेटत नाही.

"पिंप वर इला मा?" काका म्हणाले.

नारळ फुटला. पंचांनी ग्रामीण भागाच्या भवितव्यावर चार वाक्यं सांगितली आणि काडी ओढली. शेगडीतून आलेल्या वाऱ्याने काडी विझली. दुसरी विझली. चौदाव्या काडीनंतर पंच म्हणाले, "सगुणबाब, ह्यो दिवो पेटवचो नाय, विझवचो कारखानो आसा." पोदेर एवढा हसला की त्याची सायकल पडली. आलेल्या तेवीस माणसांना चहा द्यायचा होता. मावशीने तो चुलीवर केला, आणि त्यानंतर वीस मिनिटं परसातल्या दगडावर बसून राहिली.

सहा दिवसांनी ज्योत पेटली. निळी, सरळ, बिनधुराची. काका तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. चौतिसाव्या मिनिटाला ती विझली.

दुसऱ्या दिवशी एकतीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी तेहतीस. आमच्याकडे उकडे तांदूळ शिजायला पन्नास मिनिटं लागतात. म्हणजे भात रोज अर्धवट शिजायचा आणि तेच भांडं पुढे चुलीवर चढायचं. मावशीने ते तीन दिवस केलं आणि चौथ्या दिवशी ट्रंक खाली काढून झाडली.

"ही कित्याक काढलंस?" काकांनी विचारलं.

"झुरळां झाली आसत काय बघतंय."

काकांनी ट्रंकेकडे पाहिलं आणि वही उघडली. गणित सोपं होतं. टाकीला रोज पन्नास किलो शेण हवं. आमच्या दोन जनावरांचं मी आठवडाभर तोलून पाहिलं होतं: सरासरी तेरा. पोटातलं आणि वहीतलं जनावर अजून काही देत नव्हतं.

"सदतीस किलो कमी," मी म्हटलं.

"कमी कसली? भात कापल्यावर अख्ख्या गावची गुरां मोकळी फिरतत. देवळापासून तळ्यापर्यंत वाटेर शेणच शेण. फुकट पडला हा!" त्यांनी सातव्या नकाशात देवळापासून तळ्यापर्यंत एक जाड बाण काढला आणि वर लिहिलं: गावातील वाया जाणारे शेण, किंमत शून्य.

"पानां बघून उचला," मावशी आतून म्हणाली.

"कसली पानां?" काकांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ढकलगाडी घेऊन निघाले. मी वजनकाटा घेऊन मागे.

सकाळी सहा ते सात या वेळात आम्ही शेणाचे एकतीस पो उचलले. पहिल्या दहामध्येच मला एक गोष्ट खटकली. बहुतेक प्रत्येक पोवर एक पान होतं, आणि पानावर खडा. पान फणसाचं. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोनशे मीटरपर्यंत फणसाचं एकही झाड नव्हतं. वारा पान आणू शकतो, पण वर खडा ठेवू शकत नाही. मी मोजलं: एकतीसपैकी सत्तावीस पोंवर पान आणि खडा.

"काका, ही पानं कोणीतरी ठेवलीत."

"पानगळ आसा, बाय. तू शहरात शिकलंस."

एकेचाळीस किलो भरलं. त्या सकाळइतके आनंदी काका मी पुढेही कधी पाहिले नाहीत. गाडी टाकीपाशी रिकामी होते न होते तोच चंद्रावती आली. ही शेजारची, साठीची, एकटी राहणारी, परसात मिरची पिकवणारी बाई. वाड्यावरच्या सगळ्या बायका तिला आक्का म्हणत. तिच्या कंबरेला रिकामी पाटी होती आणि हातात फणसाचं पान.

"सगुणबाब, ह्या काय?"

"पान."

"बरोबर वळखलास. मगे वाटेर दिसूक नाय तुमका? काळोखात उठून, लोकांच्या गोठ्यातसून सुटलेल्या गुरांच्या मागसून फिरून मी पान ठेवतंय. सकाळी पाटी घेवन येतंय तर वाट पुसून ठेवल्यासारखी!"

"पण गायी तुझ्यो नाय मगो."

"गायी लोकांच्यो. शेण माझा. पान माझा, खडो माझो. वास्कोत जहाजार कोणाचा नाव घातला काय ता माल दुसरो उचलता?"

तीस वर्षांच्या नोकरीत काकांना इतका अचूक प्रश्न कोणी विचारला नव्हता. मग त्यांनी वही उघडून तिला वर्तुळ दाखवायला घेतलं. चंद्रावतीने वर्तुळ नीट पाहिलं.

"ह्याच्यात माझी मिरची खंय आसा?" तिने विचारलं आणि ओतलेलं शेण तीन खेपांत पाटीतून परत नेलं.

दुसऱ्या दिवशी वाटेवर मोजून एकोणचाळीस पो होते आणि एकोणचाळीस पानं. पान नसलेला एकही नाही. देवळाजवळ चार बायका बसून होत्या. काका गाडी घेऊन गेले तशी ती परत आणली, आणि वाटेत भेटलेल्यांना सांगितलं की ते चाकाचं ग्रीस बघायला निघाले होते. त्या दिवशी ज्योत बत्तीस मिनिटं चालली. भात चुलीवर गेला. मावशीने ट्रंकेत दोन लुगडी घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पायांत चपला घातल्या. "चल बाय, आक्काकडे जावया." चंद्रावतीचं घर आमच्यापासून एकशे चाळीस मीटर. आम्हाला अकरा मिनिटं लागली. मावशी चार वेळा थांबली.

चंद्रावती अंगणात शेणी थापत होती. मावशी ओट्यावर बसली, श्वास जागेवर येऊ दिला आणि विचारलं, "आक्का, तुझी चूल कितको वेळ पेटता?"

"सकाळी पेजेक, सांजेक निस्त्याक. कित्याक?"

"कशार?"

"शेणीर. लाकडां आता खंयची? डोंगर खाणीर गेलो, त्याच्याबरोबर लाकडां गेली. म्हणान तर पान ठेवत फिरतंय. तुझ्या घोवाक दिसला ता फुकटचा."

"तू पण खोकतंस."

"तुझ्याइतकी नाय."

"अजून," मावशी म्हणाली. "आयक. तुझा ओला शेण माझ्या टाकीत घाल. पेज नि निस्त्याक माझ्या शेगडीर शिजव. आणि टाकीतसून जी राड भायर येता ती ने मिरचीक. शेणापेक्षा बरी, ही बाय सांगता."

मी सांगितलं की नायट्रोजन टिकून राहतो. चंद्रावतीने त्याकडे लक्ष दिलं नाही.

"म्हणजे शेण दिवन शेण परत घेवचा, आणि मदी जेवण शिजता?"

"व्हय."

"मोजणार कोण? तुझो घोव?"

"मोजू दी. तेंका तितक्यानच बरा वाटता."

चंद्रावती हसली. मग शेणाने भरलेल्या हातानेच बोटं मोजली: ती स्वतः, पलीकडची सरस्वती, देवळाजवळची यशोदा. तिच्या अटी दोन. वाटेवरच्या पोला सगुणबाबने हात लावायचा नाही. आणि शिगम्याला अंगण सारवायला लागेल ते शेण आधी बाजूला काढायचं, त्यात टाकीचा वाटा नाही.

"आणि टाकीचा काय बिघाडला तर?"

"तर मी पेडण्याक जातंय," मावशी म्हणाली. "ट्रंक भरलेली आसा."

"तर मगे बिघडूक देवचा नाय," चंद्रावती म्हणाली आणि परत थापायला लागली.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत वर्तुळाचं पान उघडलं. मग त्यांनी आठवा नकाशा काढला. त्यात वाटेवरचा जाड बाण नव्हता. चार घरं होती, प्रत्येक घरापासून टाकीपर्यंत जाणारा एक बाण आणि टाकीपासून परत येणारे दोन. वर्तुळाऐवजी ते आता कोळ्याने अर्धवट सोडलेल्या जाळ्यासारखं दिसत होतं. खाली त्यांनी लिहिलं: सुधारित योजना, कल्पना स. परब.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता काका परसात वजनकाट्यापाशी कदेल टाकून बसू लागले. बायका पाट्या आणायच्या, काका तोलायचे आणि नाव, वेळ, वजन लिहायचे. वजन किलोत, शेवटची बेरीज टनांत. "शून्य पूर्णांक शून्य चार चार टन," ते मोठ्याने वाचायचे. यशोदेने एकदा विचारलं, "सगुणबाब, जहाज कधी सुटता?" त्यांनी तिच्या पाटीतला दगड वेगळा तोलून वजा केला.

शेगडी एकच, त्यामुळे वेळ ठरवावी लागली. यशोदेची पेज सकाळी सातला, चंद्रावतीची साडेसातला, सरस्वतीची डाळ अकराला, चंद्रावतीचं निस्त्याक म्हणजे माशांचं कालवण संध्याकाळी, आणि मधला वेळ मावशीचा. पहिल्या आठवड्यात चंद्रावती दोनदा मावशीच्या वेळेत घुसली, आणि सरस्वतीने डाळीच्या नावाखाली चणे शिजत ठेवले, जे तासभर शिजले नाहीत. त्यावरून झालेलं भांडण वाड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. मावशी त्यात मधे न थांबता सलग सात मिनिटं बोलली. मी घड्याळ लावलं होतं.

शिगम्याच्या आदल्या दिवशी आईचं कार्ड आलं: उद्याच्या बसने दोघी निघा, विमलाची खोली झाडून ठेवली आहे. उत्तरात काय लिहायचं ते ठरवण्यासाठी मी त्या दिवसाची सगळी मापं घेतली. टाकीत गेलेलं शेण सेहेचाळीस किलो. ज्योत एकूण दोन तास पन्नास मिनिटं: यशोदेची पेज तीस, चंद्रावतीची पेज अठ्ठावीस आणि निस्त्याक बावीस, सरस्वतीची डाळ तीस, मावशीचा भात पन्नास, आमटी आणि चहा मिळून दहा. मग कॉलेजातून आणलेला थर्मामीटर मी चुलीतल्या राखेत चार बोटं खाली खुपसला आणि पाच मिनिटं थांबले.

राख तीस अंश. स्वयंपाकघरातली हवा तीस अंश. मी आईला लिहिलं: चूल थंड, मावशी इथेच.