बिनलोखंडाची जोडी

तुरुंगाच्या फाटकासमोरच्या खोलीत टेलरबाईंनी सकाळी नेहमीसारखी मोजदाद केली. पेटीत बूट-चपलांच्या सतरा जोड्या, एकीलाही खिळा किंवा बक्कल नाही. खुंट्यांवर नऊ साधे शर्ट, त्यांत राखाडी एकही नाही, कारण कैद्यांचा गणवेश राखाडी. कापडी पट्टे चार. सामानाचे कप्पे बारा, चाव्या अकरा. बारावी गेल्या उन्हाळ्यात कोणाच्या तरी खिशातून घरी गेली ती गेलीच.

भेटीला आलेला माणूस क्षुल्लक कारणाने फाटकावरून परत जाऊ नये, एवढ्यासाठी ती खोली होती. चारपाच जण आळीपाळीने ती सांभाळत. टेलरबाई बुधवारी आपलं दुकान बंद ठेवून यायच्या. त्यांचा भाऊ पूर्वी याच भिंतीआड सहा वर्षं होता.

एक वाजून बावीस मिनिटांनी फाटकावरचं धातू शोधणारं यंत्र किंचाळलं.

"काका, बूट!" शिपायाचा आवाज आला. "समोर जा, ताई देतील काहीतरी. पावणेदोनला फाटक बंद, लक्षात ठेवा."

रस्ता ओलांडून एक उंच, रुंद माणूस आला. हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग, पायांत कारखान्यातले पोलादी टोकाचे बूट. दारातच म्हणाला, "नाही सोडत म्हणे. जाऊ दे, येतो परत कधीतरी."

"परत कधी? पासवर काय लिहिलंय?"

त्याने पास पुढे केला. मुलाचं नाव आणि खाली शिक्का: उद्या बदली. नवा तुरुंग रेल्वेने अकरा तासांवर होता.

"मग आजच जायचं," टेलरबाई म्हणाल्या. "बसा. नंबर किती?"

"अकरा. तुमच्याकडे नसणार."

हे वाक्य फार चटकन आलं. टेलरबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि वही ओढली. वहीत त्यांनी दुकानातल्या मापाच्या वहीसारखे रकाने आखले होते: कोण, कोणाला भेटायला, काय अडलं, शेवट काय. त्या पानं मागे उलटत गेल्या.

"वेल्डर ना तुम्ही? फेब्रुवारीत पट्ट्याचं बक्कल. मी कापडी पट्टा काढून देईपर्यंत तुम्ही पसार. मे महिन्यात ओळखपत्राची मुदत संपलेली. जुलैत खिशात पकड. आणि आज बूट."

"कामावरून थेट येतो. राहतं अंगावर."

"काका, वेल्डरला कळत नाही कशात लोखंड आहे ते?"

वेल्डर बाकावर बसला. बाक कुरकुरला.

"घरी सांगायला बरं पडतं," तो बुटांच्या टोकांकडे बघत म्हणाला. "गेलो होतो, सोडलं नाही. ही पण मग काही बोलत नाही."

"त्या का येत नाहीत?"

"तिच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही. चारही वेळा डबा भरून दिला. डबा आत नेऊ देत नाहीत हे मी सांगितलंच नाही तिला. बागेत बसून मीच खाल्ला."

टेलरबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ओठांतच ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात एक सत्तावीस झाले होते.

"तो कुठे लपलाय ते मीच सांगितलं पोलिसांना," वेल्डर म्हणाला. "मित्राच्या माळ्यावर होता. माझ्यासमोर खाली उतरवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि बस. त्याला आता दोन वर्षं झाली. आत गेलो आणि त्याने तोंड फिरवलं तर? काचेसमोर अर्धा तास कुठे बघायचं मी?"

टेलरबाई पेटीकडे गेल्या आणि वाकून जोड्या उलटसुलट करू लागल्या. बोलल्या ते पेटीत तोंड घालूनच.

"मी भावाला भेटायला चौदा महिन्यांनी गेले. रात्रंदिवस पाठ केलं होतं, तो हे म्हणाला तर मी ते म्हणायचं. आणि त्याने विचारलं काय, तर घरातला नळ अजून गळतो का."

"मग?"

"गळत होता. तेच सांगितलं."

पेटीत मोठ्यात मोठे बूट नऊ नंबरचे निघाले. वेल्डरने पाय घालून पाहिला, अर्ध्यातच अडकला. दुसरी जोडी, तिसरी, तीच कथा. उरली एक रबरी चप्पल, मागून उघडी. रंग गुलाबी, अंगठ्याजवळ हाताच्या पंजाएवढं पिवळं फूल.

"हे नाही," वेल्डर म्हणाला.

"का?"

"बाई, मी छप्पन्न वर्षांचा आहे!"

"चपलेला काय माहीत? अनवाणी सोडत नाहीत. एक छत्तीस झालेत."

त्याने चप्पल चढवली. टाचा चांगल्या तीन सेंटिमीटर बाहेर राहिल्या. बूट कप्प्यात ठेवून टेलरबाईंनी चावी स्वतःजवळ घेतली आणि त्याच्याबरोबर रस्ता ओलांडला. वाटेत तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा त्याही शेजारी थांबल्या.

शिपायाने खाली पाहिलं. "ताई, हे काय!"

"यंत्राला विचारा."

वेल्डर कमानीखालून गेला. यंत्र गप्प राहिलं.

"जा काका," शिपाई म्हणाला. "फूल सांभाळा."

एक वाजून एकेचाळीस मिनिटं. टेलरबाईंनी वेळ वहीत मांडली. मग त्या एका आजीबाईंच्या पर्समधली सुरी ठेवून घ्यायला उठल्या, कारण आजीबाई म्हणत होत्या, फळं कापण्यापुरती आहे, तिला सुरी कशाला म्हणता.

वेल्डर परत आला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं. बाकावर बसून त्याने एकदम हसायला सुरुवात केली आणि ते आवरेपर्यंत डोळे पुसत राहिला.

"माझी काचेची खिडकी शेवटची. अख्खी खोली चालत जायचं होतं. त्याने आधी चपलाच पाहिल्या. म्हणाला, बाबा, आईने घराबाहेर काढलं का?"

"आणि मग?"

"मग बराच वेळ चपलाच." त्याने नाक पुसलं. "माळ्याचं शेवटी त्यानेच काढलं. म्हणाला, तिथे आणखी आठ दिवस राहिलो असतो तर मित्रालाही घेऊन बुडालो असतो. आईचे गुडघे विचारले. डब्याचंही सांगून टाकलं त्याला."

बूट बांधून तो उठला, पण चपला हातातच होत्या. "त्या दुसऱ्या तुरुंगासमोर अशी खोली आहे?"

"नाही."

"मग या नेऊ? दर महिन्याला लागतील."

टेलरबाईंनी त्या कागदात गुंडाळून दिल्या. तो गेल्यावर वहीत सतरा खोडून सोळा केलं. मग वेल्डरच्या ओळीतला शेवटचा रकाना भरला. त्याच्या नावापुढे आधी तीनदा 'परत गेले' असं लिहिलेलं होतं. या वेळी त्यांनी लिहिलं: आत १.४१, बाहेर २.०९. भेट अठ्ठावीस मिनिटं.