अकरा पट्ट्यांचा चिमटा

मित्रांनो, पडूनच बोलतो, राग मानू नका. मी एक जुना लाकडी चिमटा आहे आणि माझ्या स्प्रिंगमध्ये आता जोर उरलेला नाही.

दोन काड्या आणि तारेचा वेढा एकत्र आले, तेव्हा मी झालो. पहिली काही वर्षे इंग्रजीच्या बाईंच्या गच्चीवर ओल्या चादरी धरण्यात गेली. मग एक दिवस बाईंनी आम्हा डझनभर भावंडांना पिशवीत घालून शाळेत नेले.

वर्गात खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी बांधलेली होती. मुले पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर इंग्रजीत छोटी छोटी वाक्ये लिहीत. ज्यांचे मिळून एक वाक्य करायचे, त्या पट्ट्या एका चिमट्यात अडकवायच्या आणि जोडून मोठ्याने म्हणायच्या. दोन पट्ट्या मी सहज पेलत असे. "हा माझा गुणी चिमटा," असे बाई म्हणत, तेव्हा बरे वाटायचे. पण मुलांनी समजूत करून घेतली, की जितक्या पट्ट्या जास्त तितकी हुशारी जास्त. चार झाल्या, सहा झाल्या. माझा जबडा दुखू लागला. कोणी विचारले नाही.

वर्गातली एक मुलगी, बस ड्रायव्हरची, इंग्रजीत कच्ची होती. तोंडी परीक्षेला एकच दिवस उरला होता. नापास झाली, तर ती याच वर्गात राहणार आणि तिची जिवलग मैत्रीण पुढे जाणार. तिने बाबांवर अकरा पट्ट्या लिहिल्या आणि अकराही माझ्या तोंडात कोंबल्या. प्रत्येक पट्टीनंतर ती 'अँड' म्हणू लागली. चौथ्या 'अँड'ला तिचा श्वास संपला, पाचव्याला माझी स्प्रिंग. सगळ्या पट्ट्या फरशीवर.

"बसवाल्याची ना तू? मग ब्रेक नाही लागला का गं?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला. तिचे डोळे भरले.

बाई खाली बसून पट्ट्या गोळा करू लागल्या. "इतक्या कशाला कोंबल्यास, बाळ?"

"छोटं बोललं तर बाळबोध वाटतं ना, बाई."

"असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. माझी वही तपासताना."

बाईंनी गोळा केलेल्या पट्ट्या तिच्यापुढे मांडल्या. "चुकलंच माझं. बरं, यातल्या कोणत्या दोघींचं एकमेकींवाचून अडतं?"

तिने बराच वेळ शोधून दोन उचलल्या. बाबा पहाटे उठतात. पहिली बस त्यांचीच असते. मध्ये तिने 'बिकॉज' घातले. बाकीच्या बऱ्याचशा पट्ट्या तिने सुट्याच ठेवल्या.

परीक्षा आमच्याच वर्गात झाली, आणि परीक्षकांसमोर ती तशीच बोलली. एक लांब वाक्य, मग दोन छोटी, मध्ये श्वास. निकालानंतर दोघी मैत्रिणी जिन्यावरून धडधडत वरच्या वर्गात गेल्या, तेव्हा मला ती पास झाल्याचे कळले.

मी आता खडूच्या खोक्यात असतो. मित्रांनो, लांब वाक्ये जरूर करा, पण जी खरोखर एकमेकांची आहेत तीच जोडा. आणि धरून ठेवणाऱ्याला अधूनमधून विचारत जा, "झेपतंय का रे?" मला कोणी विचारले असते, तर मी अजून बरीच वर्षे धरून राहिलो असतो.