टाचेपर्यंतचं अंतर

करड्या फरशीवर बुटाचं टोक टेकलं होतं, टाच अजून मागच्याच फरशीवर होती, आणि वॉकरचे पुढचे दोन पाय – त्यांना टेनिसचे हिरवे चेंडू कापून बसवलेले – त्याही पुढच्या फरशीवर जाऊन उभे होते. फरशी बरोबर एक फूट लांब, एक फूट रुंद, कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या सारख्या... मग डेल्मर प्रॅटर नेमका कुठवर पोचला म्हणायचं?

त्याला रोज चालवणाऱ्या व्हर्लीनच्या धाकट्या बहिणीनं, अर्डिथनं, अठ्ठावन्नाव्या वर्षी तिसरं लग्न केलं, त्या वर्षीचा हा जानेवारी. लग्नाला चार आठवडेही झाले नव्हते आणि अर्डिथ अजून फोन उचलत नव्हती. झालं होतं एवढंच, की जेवताना नवरदेव दोन शब्द बोलायला म्हणून उठला, उठताना त्याचा उजवा गुडघा किंचित लचकला, आणि केकची बशी घेऊन मागून जाणाऱ्या व्हर्लीननं बशी सोडून त्याचा कमरेचा पट्टा पाठीमागून घट्ट धरला. वर मोठ्यानं म्हणाली, "धरलंय मी, उठा." सगळा हॉल हसला. नवरदेवही हसला. अर्डिथ हसली नाही. तेरा वर्षं माणसांना, पडू नयेत म्हणून, कमरेला पट्टे बांधून चालवणाऱ्या बाईचा हात आपोआप जातो तिथं, त्याला ती तरी काय करणार!

"किती झाले, पोरी?" डेल्मरनं विचारलं. तो शहाऐंशीचा, ती एकसष्टची. म्हाताऱ्यांच्या त्या नर्सिंग होममध्ये तिला पोरी म्हणणारा तो एकटाच उरला होता.

"एकशे अठरा," व्हर्लीन म्हणाली आणि मागून चाकांची खुर्ची त्याच्या गुडघ्यांना टेकवली.

"काल सतरा होते."

"मग? वाढला की एक."

तो खुर्चीत बसला, घाम पुसला, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

जेवणघर कॉरिडॉरच्या सुरुवातीपासून दीडशे फुटांवर. डेल्मरला तिथं स्वतःच्या पायांनी जायचं होतं. देवळात जाण्यासारखी ओढ वगैरे नव्हती ती, कारण साधं होतं. चार नंबरच्या टेबलावर वेंडल साइझमोर बसायचा. तो नव्वदीतही काठी टेकत चालत यायचा आणि डेल्मरला ढकलत आणलेला बघून रोज तेच म्हणायचा, "आला रे आला, माल आला." चाळीस वर्षं नदीवर कोळशाचे पडाव, त्या लांबलचक सपाट मालनौका, हाकलेल्या माणसाला मालच म्हणायचं म्हणजे! तर दीडशे फूट. कागदावरही तेच ध्येय लिहिलं होतं, थेरपिस्टच्या सहीनं. आणि तीन आठवडे डेल्मर एकशे नऊला अडला होता. सुधारणा थांबली की विमावाले थेरपी थांबवतात. थेरपी थांबली की खुर्ची. खुर्ची म्हणजे कायमचा माल.

मी खोटं काही लिहिलं नाही, व्हर्लीन स्वतःशी म्हणाली, खुर्ची ढकलत. खरंच लिहिलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात ती टाचेपर्यंत मोजायची: एकशे नऊ. मग वाटलं, टाच का? माणूस टोकानं पुढं जातो. टोकापर्यंत मोजलं: एकशे दहा. मग वॉकर, वॉकर काय डेल्मरहून वेगळा आहे? त्याच्या हातातच आहे की! शिवाय कुठली फरशी पहिली धरायची, दाराच्या उंबऱ्याची की उंबऱ्याच्या आतली? एकशे चौदा. आणि या आठवड्यात डेल्मर थांबण्याआधी मान अशी काही लांब काढू लागला होता, कासवासारखी, की ती बिचारी मान वाया घालवणं जिवावर आलं, आणि व्हर्लीननं नाकाखालची फरशी धरली. वर थोडं उत्तेजनार्थ. एकशे अठरा. म्हणजे पाय होते तिथंच आणि डेल्मर नऊ फूट पुढं गेला होता.

आणि ही तीच व्हर्लीन, जी वीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवत होती, जिथं पाव इंच चुकला तर अख्खा गठ्ठा परत यायचा, आणि तिचा एकही कधी आला नव्हता! कारखाना बंद पडला तेव्हा ती सेहेचाळिशीची. कॉलेजात तिच्या मुलीच्या वयाच्या पोरींमध्ये बसली, इस्त्री करता करता स्नायूंची नावं चर्चमधल्या चालींवर म्हटली, राष्ट्रीय परीक्षेत एकदा थोडक्यात आपटली, दुसऱ्यांदा तरली, आणि राज्याचा परवाना आला तेव्हा लोवेलनं, तिच्या नवऱ्यानं, तो स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर टांगला, कारण तिथंच आधीपासून खिळा होता. फिजिओथेरपी असिस्टंट. पारखायचं ते थेरपिस्टनं, राबायचं ते असिस्टंटनं. रोग्याचं काय चाललंय याचा निवाडा असिस्टंटनं करायचा नाही, असं कायद्यात लिहिलं होतं. आणि व्हर्लीन तर पोस्टात, दुकानात, अंत्ययात्रेतसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याचे खुबे बघून मनातल्या मनात निवाडे देत असायची. त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. डोक्यातल्या गुन्ह्याला परवाना लागत नाही.

पण परवाना दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो. आजची तारीख शेवटची, पाच वाजेपर्यंत. शिक्षणाचे तास भरले होते, अर्ज गेला होता, राहिली होती फक्त कायद्याची परीक्षा – कॉम्प्युटरवर चाळीस प्रश्न, छत्तीस बरोबर हवेत, तीन संधी. पहिल्यांदा चौतीस. दुसऱ्यांदा पस्तीस. (सुधारणा आहे, असं वाचून तिलाच हसू आलं होतं.) तिसऱ्यांदा नापास झालं की उद्यापासून कुणाला हात लावायचा नाही, परवाना देणाऱ्या मंडळाची बैठक होईपर्यंत, आणि मंडळ बसणार मार्चमध्ये.

जेवणाच्या सुट्टीत ती सामानाच्या खोलीत शिरली, दार लावलं, उशांच्या ढिगावर कॉम्प्युटर ठेवला.

'रोगी रडू लागला असून आज व्यायाम करायचा नाही म्हणतो. असिस्टंटने काय करावे?'

गेल्या दोन्ही वेळा तिनं 'रोग्याजवळ बसावे' यावर बोट ठेवलं होतं. दोन्ही वेळा चूक. काल रात्री जेवताना लोवेल वैतागला होता.

"सगळीकडे 'थेरपिस्टला कळवावे' असं उत्तर दे ना, बाई. एवढं डोकं कशाला लावतेस?"

"आणि मी कळवेपर्यंत तो पडला तर?"

"परीक्षेतला माणूस पडत नाही, व्हर्लीन."

हे काही तिला पटलं नव्हतं. परीक्षेतली माणसं तिला दिसायची – रडणारा तो माणूस लाल स्वेटरमध्ये, पायात एकच मोजा... त्याला तसाच सोडून फोन शोधायला जायचं? पण आज तिनं दात आवळले आणि लाल स्वेटरवाल्याला रडत सोडलं. थेरपिस्टला कळवावे. पुढचा. थेरपिस्टला कळवावे. चक्कर आलेली म्हातारी, पाय सुजलेला शिक्षक, असिस्टंटला भेट म्हणून डुक्कर देऊ पाहणारा शेतकरी (इथं मात्र 'नम्रपणे नाकारावी') – एकेक करून सगळ्यांना ती मागं टाकत गेली, आणि असं वाटायला लागलं की एवढा लांब कॉरिडॉर आहे, दोन्ही बाजूंना माणसं बसलीत, आणि आपण कुणाकडेही न बघता चाललोय, छान सरळ, खुबे सारखे, पावलं सारखी.

एकतिसावा प्रश्न. 'रोग्याची प्रगती थांबली आहे असे असिस्टंटच्या लक्षात आले. तिने –'

तिने. इतर प्रश्नांत नुसतं 'असिस्टंटने' होतं. इथं 'तिने' कुणी घातलं? कुणाला कळलं?... व्हर्लीननं दाराकडे बघितलं. बाहेर कुणीतरी जेवणाचे ट्रे नेत होतं, झाकणं वाजत होती. चार उत्तरं होती, आणि त्यातलं एकही 'नाकापर्यंत मोजावे' असं नव्हतं. लिहिणाऱ्याला सुचलंच नसणार. राज्यभरातल्या लबाड्या गोळा करून प्रश्न काढणाऱ्या माणसाच्याही डोक्यात आलं नाही ते तू केलंस, व्हर्लीन स्टिडम, चर्चला जाणारी, कॉलर न चुकणारी.

थेरपिस्टला कळवावे. बोट ठेवलं.

अडतीस बरोबर. पडद्यावर हिरवी खूण आली, अभिनंदन आलं, आणि दोन वर्षांचा परवाना छापायला तयार. तिनं छापला. कागद गरम होता. आनंद व्हायला हवा होता, तो दारापर्यंत येऊन उभा राहिल्यासारखा वाटला, आत येईना.

आजची नोंद अजून लिहायची होती. अंतर या रकान्यासमोर ती बराच वेळ बसली, मग उठली आणि डेल्मरच्या खोलीत गेली. तो खिडकीशी बसून मक्याच्या पावाचा उरलेला तुकडा दुधात बुडवून खात होता.

"मिस्टर प्रॅटर," ती म्हणाली.

"बाप रे. मिस्टर? कोण मेलं?"

"सकाळी एकशे अठरा नव्हते. एकशे नऊ होते."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"अगं, पडाव एकशे पंच्याण्णव फुटांचा असतो. चाळीस वर्षं मी त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडलोय, धुक्यात, बर्फावर, एकदा तर झोपेत. शंभर फूट किती आणि एकशे वीस किती हे मला तू सांगणार?"

"मग बोलला का नाहीत?"

डेल्मरनं चमचा चाटला. "मला वाटलं, तुला लागतायत. परवान्याचं काहीतरी चाललंय ना तुझं, ती भांडी नेणारी सांगत होती. म्हटलं, पोरीची नोकरी जाते की काय, तर आपण थोडं वाढून दाखवू. पाय तर ऐकत नव्हते. म्हणून मान काढायचो."

"माझ्यासाठी?"

"मान आखडलीय माझी आठवडाभर. त्यावर काही व्यायाम असला तर सांग."

व्हर्लीन पलंगाच्या कडेवर बसली. हसू आलं, ते आवरेना. तो तिच्याकडे बघून आधी रागावल्यासारखा झाला आणि मग खोकत खोकत हसायला लागला, दूध सांडलं, ते तिनं पुसलं. पण हसता हसताच तिच्या आत काहीतरी हळूच खाली बसत होतं. तीन आठवडे मी याच्यावर दया करत होते, आणि हा माझ्यावर. दोघं मिळून एका माणसाला पुढं ढकलत होतो, आणि तो माणूस दोघांतला कुणीच नव्हता.

"खरं लिहिलं तर बंद करतील," ती म्हणाली.

"करतील."

"आणि वेंडल?"

"वेंडलला मी बघून घेईन. तोंड आहे अजून. तोंडाला काही तुझा पट्टा लागत नाही."

तिनं एकशे नऊ लिहिलं. पुढं कंसात 'टाचेपर्यंत' लिहिलं, जे आजवर कुणी लिहिलं नव्हतं. मग ब्रिनला फोन लावला. ब्रिन थेरपिस्ट, सत्तावीस वर्षांची, तीन नर्सिंग होम सांभाळणारी, नेहमी गाडीतच.

"बोला, मिस व्हर्लीन! झाली का परीक्षा?"

"झाले पास."

"वा! मी म्हटलंच होतं तुम्हाला."

"ब्रिन, डेल्मर प्रॅटर एकशे नऊवर आहे. तीन आठवडे तिथंच आहे."

"अहो, पण नोंदी तर चढत्या आहेत. कालच मी वाचल्या... एकशे सतरा ना?"

"त्यात टाच धरलेली नाही."

"मग काय धरलंय?"

व्हर्लीननं डोळे मिटले. गरम कागद आता गार झाला होता, तिच्या मांडीवर, घडी न घातलेला. सांगायची गरज नव्हती. एकतिसाव्या प्रश्नात एवढंच होतं, प्रगती थांबल्याचं कळवावे. मागचं कबूल करावं असं कुठल्याच उत्तरात नव्हतं.

"आधी टोक," ती म्हणाली, "मग वॉकर. आणि या आठवड्यात... नाक."

फोनमध्ये गाडीचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला; ब्रिननं गाडी कडेला घेतली असावी.

"नाक," ब्रिन म्हणाली.

"हो."

"कुणाचं?"

"त्याचंच. दुसऱ्या कुणाचं धरणार?"

पलीकडे ब्रिन हसते आहे की कपाळाला हात लावून बसली आहे, हे व्हर्लीनला कळेना. आवाजावरून चाल ओळखणारी ती, पण बसलेल्या माणसाचं काही ओळखता येत नाही.

"मिस व्हर्लीन," शेवटी ब्रिन म्हणाली, "मला जरा विचार करू द्या. मी तुम्हाला परत फोन करते." आणि फोन बंद झाला.

पाच वाजायला आले होते. कॉरिडॉरमधून जेवायला निघालेली माणसं जात होती, काठ्या, वॉकर, चाकं. व्हर्लीन दारात उभी राहिली. दोन वर्षांचा परवाना हातात होता आणि तो उद्या दुपारपर्यंत तरी राहील की नाही, हे आता दुसरं कुणी ठरवणार होतं. भीती वाटत होती, अगदी खरी... आणि तरी छातीत हे काय हलकं हलकं होतं, कॉलरचा गठ्ठा परत न आल्यासारखं? समोरून एक बाई गेली, डावा पाय ओढत. व्हर्लीननं पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिच्याबद्दल मनात काही निवाडा आला नाही. नुसती एक बाई जेवायला चालली होती.

डेल्मरला भांडी नेणारीनं ढकलत नेलं. चार नंबरच्या टेबलावरून काहीतरी ओरडणं आलं आणि लगेच डेल्मरचं त्याहून मोठं ओरडणं, आणि मग बरीच माणसं एकदम हसली. काय म्हणाला ते व्हर्लीनला ऐकू आलं नाही.

डेल्मर प्रॅटर त्या वर्षी एप्रिलच्या चौदा तारखेला, रविवारी, सकाळच्या न्याहारीच्या आधी वारला.