धोंडुबाईंचा मोठा फोटो

हातकणंगल्याच्या बयाबाईंनी चारचौघांत कबूल केलं, की कोडोलीच्या धोंडुबाईंसारखा आवाज आख्ख्या जिल्ह्यात नाही. आपण असं कधी बोललोच नाही, असं बयाबाई आजही सांगतात. त्या वयानं मोठ्या. त्यामुळं आपणही तसं काही झालंच नाही असं धरू आणि गोष्ट पहिल्यापासून सांगू.

प्रसेनजीत हा धोंडुबाईंचा भाचा. वारणानगरात एका फोटो स्टुडिओत कामाला. स्टुडिओत काम दोनच प्रकारचं असायचं. माणूस जिवंत असला तर पासपोर्ट नाहीतर लग्न. माणूस गेला की मोठा फोटो. गावाकडचा माणूस हयातीत एकटा असा कॅमेऱ्यापुढं कधी उभाच राहिलेला नसायचा. मग घरची मंडळी कुणाच्यातरी वरातीचा फोटो घेऊन यायची, कोपऱ्यातलं हरभऱ्याएवढं डोकं दाखवायची आणि म्हणायची, एवढं मोठं करून द्या. मालक ते मोठं करायचे आणि खाली ब्रशनं कोट रंगवायचे. त्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी पहिला कोट मेल्यावरच घातला.

प्रसेनजीतला ही रीत उलटी वाटायची. माणसं जिवंतपणी मोठी करावीत, आणि ज्याच्या त्याच्या कपड्यांत, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. मग ९८ सालभर दर सुट्टीला तो कॅमेरा घेऊन हिंडला. ढोलकीवाला केरबा, डेअरीत कॅन धुणारा कृष्णात, जयंती समितीचे अध्यक्ष दादासो, अशी बारा माणसं त्यानं काढली. कृष्णधवल, कारण ते फोटो त्याला स्वतःला धुता यायचे. धुवायची जागा म्हणजे घरची न्हाणी. खिडकीला घोंगडं मारलं आणि घरच्यांनी वर्षभर अंघोळी परड्यात केल्या. कुणी चकार शब्द काढला नाही, कारण न्हाणीतून पहिला बाहेर आलेला फोटो आत्तीचा होता.

आत्ती म्हणजे धोंडुबाई. दिवसा दुसऱ्याच्या रानात भांगलण आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टी. चाळीस वर्षं स्टेजवर काढली, पण पार्टीच्या एकुलत्या एका फोटोत त्यांचा अर्धा चेहरा पेटीवाल्याच्या फेट्यामागं गेलेला. मतदार ओळखपत्रावर फोटो होता. त्यात त्या हुबेहूब दादासोंसारख्या दिसायच्या, आणि याचा दोघांनाही राग होता. प्रसेनजीतनं मात्र त्यांना बांधावर गाठलं, नीट उभी राहा वगैरे काही म्हणाला नाही, नुसतं गायला सांगितलं. हातात खुरपं, तोंड वरच्या सुराला उघडलेलं, गळ्याच्या शिरा तट्ट. फोटो आत्तीनं उजेडाला नेऊन बघितला. मग म्हणाली, "ही बाई गात आसंल बग."

या बाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. बयाबाईंच्या तोंडून एक शब्द. तीस वर्षं दोघींचा गायनाचा सामना व्हायचा. लोक धोंडुबाईंसाठी उभं राहून टाळ्या वाजवायचे आणि बयाबाई पदर सारखा करत म्हणायच्या, आज भोंगा चांगला हुता. धोंडुबाई घरी येऊन भाकरीपुढं बसायच्या आणि न जेवता उठायच्या. हे प्रसेनजीतनं कळायला लागल्यापासून बघितलेलं.

९९ च्या जयंतीला समाजमंदिराच्या आडव्या भिंतीवर त्यानं बारा फोटो टांगले. दोन-दोन फुटी, काळ्या चौकटीत. मग दिव्याची वायर आणायला वारणानगरला गेला, आणि इथंच घात झाला. पुढच्या भिंतीवरच्या महापुरुषांच्या प्रतिमांसाठी हार घेऊन दादासो आले. त्यांना ही ओळ दिसली. मोठा फोटो म्हटलं की हार, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी माणूस पाठवून आणखी बारा हार मागवले आणि एकेका फोटोला घालून, उदबत्ती लावून, हात जोडत पुढं सरकले. सातवा फोटो त्यांचा स्वतःचा होता. त्यालाही घातला, त्यालाही हात जोडले आणि आठव्याकडं गेले. पुढं कुणी विचारलं तेव्हा म्हणाले, एवढा मोठा फोटो आन् बिनहाराचा, लोक काय म्हणतील?

दुपारी प्रसेनजीत परतला, बघून हबकला आणि हार काढायला लागला. दोन काढून झाले तोवर बाहेर जीप थांबली आणि सामन्यासाठी आलेल्या बयाबाई पार्टीसकट आत शिरल्या. समोर धोंडुबाई. चौकटीत, हारासकट, पुढं धूर.

बयाबाई मटकन सतरंजीवर बसल्या.

तसं नाही, एवढं सांगायला प्रसेनजीतनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला मागच्या दारात आत्ती दिसली. जेवणावळीची कणीक मळता मळता उठून आलेली. तिनं कणकेचं बोट ओठांवर ठेवलं. त्यानं तोंड मिटलं.

"मला कुणी सांगितलं सुदिक न्हाय," बयाबाई फोटोलाच म्हणाल्या. "धोंडे, तीस वर्षं मी तुझ्या सुरामागनं धावलो, पर घावला न्हाय बग. भोंग्याचं सगळं खोटं हुतं. जिल्ह्यात आवाज एकच हुता, त्यो तुझा."

पार्टीतल्या पोरी डोळे पुसायला लागल्या. मागून आवाज आला.

"बयाक्का, परत एकदा म्हण की. मागं नीट ऐकू आलं न्हाय."

बयाबाईंनी दाराकडं बघितलं. फोटोकडं बघितलं. मग उठून लुगडं झटकलं.

"दुखात बोललेलं धरत न्हाईत," त्या म्हणाल्या.

धोंडुबाईंनी कणकेचे हात पदराला पुसले. पुढं येऊन त्यांनी चौकटीवरचा हार काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. फुलं वाया कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्या संध्याकाळी त्या हारासकट स्टेजवर चढल्या आणि अशा गायल्या, की जनरेटर मधेच बंद पडला, भोंगा मुका झाला, तरी शेवटच्या रांगेतला माणूस जागचा हलला नाही. प्रसेनजीतनं तेव्हा एकही फोटो काढला नाही. तो पहिल्या रांगेत ताठ बसून होता आणि शेजाऱ्याला दर गाण्यानंतर सांगत होता, आत्ती हाय माझी. शेजारी त्याचा सख्खा बाप होता. धोंडुबाई त्याची बहीण. त्यानंही दर वेळी नवीन ऐकल्यासारखी मान डोलवली.

घरी येऊन आत्तीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

फोटो आठवडाभर राहिले. फोटोतली बाकीची मंडळी आता आपापल्या चौकटीला हार घालून मागच्या दारात उभी राहायला लागली, कोण काय बोलतंय ऐकायला. केरबाला तिघांनी उस्ताद म्हटलं. कृष्णात अर्धा दिवस उभा होता. त्याच्याबद्दल एवढंच कळलं, की नेलेली शिडी त्यानं अजून आणून दिलेली नाही.

तिकडं हातकणंगल्यात बयाबाई सगळ्यांना सांगत होत्या, की मी असलं काही बोललोच न्हाय. ते कानावर आलं तशी धोंडुबाईंनी भाच्याला कागद घेऊन बसवलं आणि स्वतः सांगून अर्ज लिहून घेतला.

प्रति, मा. सरपंचसाहेब, ग्रामपंचायत कोडोली. विषय : हयात इसमांस मयत समजण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, पंचक्रोशीतील प्रत्येक हयात इसमास वर्षातून एक दिवस, सकाळी दहा ते सायंकाळी सहा, मयत समजण्यात यावे. सदर वेळेत त्याच्याविषयी जे चांगले बोलले जाईल त्याची दप्तरी नोंद घेण्यात यावी. आणि बोलणाऱ्याने ते नंतर नाकारल्यास, तो हातकणंगले तालुक्यातील रहिवासी असला तरीही, त्यास ते ग्रामसभेत उभे राहून, भोंग्याशिवाय, पुन्हा म्हणण्याचा आदेश व्हावा.